मशीन जड चालतंय? तेलाची बाटली जरा खाली ठेवा

अमळनेरच्या बाजारात माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आप्पांचं होतं, आता मी चालवते. बाईमाणूस पाना-पेचकस घेऊन बसलेली बघून आधी लोक बिचकायचे. आता खुशाल घरातलं काहीही उचलून आणतात: न फिरणारं कुलूप, मध्येच अडणारी चेन, कुरकुरणारी सायकल. एका आजीनं तर देवघराचा ड्रॉवरच पिशवीत घालून आणला होता. म्हणणं सगळ्यांचं एकच, "ताई, जरासं तेल टाकी द्या, हुई जाई."

तेलानं कामं होतात, नाही असं नाही. पण जड चालतंय म्हणून माझ्याकडे येणारी कितीतरी मशीनं भलतं तेल भलत्या जागी टाकल्यामुळे आलेली असतात. आप्पा गिऱ्हाइकाच्या हातातली बाटली बाजूला ठेवायचे अन् म्हणायचे, "पहिले देख, काय घासाई राह्यनं ते." मीही तिथूनच सुरुवात करते.

घासतंय ते कामाचं आहे का?

घरचं पायाचं मशीन समोर ठेवा. सुई वरखाली नेणारा दांडा त्याच्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीत, घासतो, शटल त्याच्या खोबणीत घासतं, पायडलच्या दोन्ही टोकांना खिळी फिरते. या सगळ्या जागी घर्षण म्हणजे नुसता तोटा. पाय दुखतात, लोखंड झिजतं.

आता त्याच मशीनवर धाग्याची वाट बघा. धागा ताणाच्या दोन गोल चकत्यांमधून जातो. चकत्या त्याला दाबून धरतात अन् त्या घर्षणावरच टाका घट्ट बसतो. खालचे दात कापड पुढं सरकवतात तेही घर्षणावर. चामडी पट्टा चाकाला पकडतो, बॉबिन भरायची रबरी रिंग चाकाला टेकून फिरते, सगळं घर्षणावर. चकत्यांत तेल शिरलं तर वरच्या धाग्याचा ताण जातो अन् कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचे झुपके येतात. पट्ट्याला तेल लागलं तर पाय चालतात अन् मशीन जागच्या जागी. मग लोक म्हणतात, तेल टाकलं तरी चालत नाही!

म्हणजे एका हातभर मशीनमध्ये घर्षण हवं अन् नको अशा दोन्ही जागा आहेत. घरातल्या प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न आधी विचारायचा. सायकलच्या साखळीला तेल हवं, पण रिमला अन् ब्रेकच्या रबराला एक थेंबही नको. मोटरसायकलच्या डिस्कवर किंवा ब्रेक शूवर तेल, ग्रीस, स्प्रे काही उडू देऊ नका. हे मी दुकानात ओरडून सांगते.

घासतं म्हणजे नक्की काय होतं

शाळेच्या पुस्तकात दोन खडबडीत पृष्ठभागांचे दात एकमेकांत अडकल्याचं चित्र असतं. ते अर्धंच चित्र आहे. कितीही गुळगुळीत दिसणारं लोखंड सूक्ष्मदर्शकाखाली उंचसखल असतं, त्यामुळे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले तर ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. सगळं वजन त्या मोजक्या टोकांवर येतं, टोकं चेपतात अन् तिथं धातू धातूला चिकटतो. ओढताना ते चिकटलेले सांधे तोडावे लागतात. घर्षणाचा मोठा भाग हाच. म्हणूनच नुसतं घासून चकचकीत केलं की घर्षण जातं, हे खरं नाही. अगदी स्वच्छ, अगदी गुळगुळीत धातू उलट जास्त चिकटतात.

करून बघायचं असेल तर एक वीट अन् बॅग मोजायचा हुकाचा काटा घ्या. विटेला सुतळी बांधा, काट्यानं फरशीवर आडवी ओढा. वीट हलेपर्यंत काटा जास्त दाखवतो, एकदा सरकायला लागली की थोडा उतरतो. जड कपाट हलवताना पहिला झटका जास्त लागतो तो यामुळेच. आता वीट कडेवर उभी करून ओढा. टेकणारी जागा कमी झाली, तरी आकडा जवळपास तोच! वर दुसरी वीट ठेवा, आकडा दुपटीच्या आसपास जातो. घर्षण वजनावर ठरतं, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही, हे गीयोम आमोंताँ या फ्रेंच माणसानं १६९९ मध्ये मांडलं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत ते त्याच्या दोनशे वर्षं आधीच उतरलेलं होतं, पण त्या वह्या छापल्याच गेल्या नव्हत्या.

ओढायला लागलेला जोर भागिले वजन, याला घर्षणांक म्हणतात. वीट तीन किलोची अन् काटा दोन किलो दाखवतोय, तर घर्षणांक साधारण ०.६७. स्वच्छ, कोरड्या पोलादावर पोलाद घासलं तर तोही साधारण ०.६ च्या घरात असतो. मध्ये तेल आलं की ०.१ च्या आसपास उतरतो. चांगल्या बॉल बेअरिंगमध्ये छर्रे घरंगळतात, घासत नाहीत. तिथं तो ०.००१ ते ०.००२ इतकाच. बेअरिंग बदलल्यावर मशीन लोण्यासारखं चालतं, ते त्या शून्यांमुळे.

तेलाआधी पट्टा काढा

पायाचं मशीन जड चालत असेल तर पहिलं काम म्हणजे पट्टा उतरवा. मग वरचं चाक हातानं आपल्याकडे फिरवा. जड लागलं तर दोष डोक्यात, म्हणजे मशीनच्या वरच्या भागात आहे. हलकं फिरलं तर खाली वाका अन् पायडल नुसतं चालवून बघा. लोक डोक्यात तेल ओतत राहतात अन् दोष निघतो खालच्या मोठ्या चाकाच्या आसात. तिथं जमिनीवरची सगळी धूळ, केस अन् धागे गुंडाळलेले असतात. खालच्या दांडीची दोन्ही टोकं, पायडलचे दोन्ही टेकू अन् मोठ्या चाकाचा आस एवढ्या जागा पुसून तिथं जराशी ग्रीस लावली की निम्म्या तक्रारी मिटतात.

डोकं जड असेल तर सुई अन् कापड दाबणारा पाय काढा, दातांवरच्या पट्टीचे दोन स्क्रू सोडा. दातांच्या खाचांत कापडाची भुकटी दाबून दाबून नमद्यासारखी बसलेली सापडेल. ती जुन्या दातब्रशनं काढा. फुंकर मारू नका, फुंकरीनं ती आणखी आत जाते. मग डोकं मागं कलतं करा अन् खालच्या सांध्यांकडे बघा. तांबूस, चिकट, वार्निशसारखा थर दिसतोय? तो थर आला स्वयंपाकघरातून.

अमळनेरला खायच्या तेलाचं काय अप्रूप! विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये इथंच झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यानं. घराघरात शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, सरकीचं तेल हाताशी असतं अन् तेच मशीनमध्ये जातं. ही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतात. जवस अन् करडई तर त्यात सगळ्यांच्या पुढं. जवसाचं तेल रंगात वापरतात ते मुळात वाळतं म्हणूनच. खोबरेल तसं वाळत नाही, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठतं अन् जानेवारीत आपल्याकडची पहाट त्याच्या कितीतरी खाली जाते. सकाळी मशीन हलत नाही अन् दुपारी आपोआप चालायला लागतं, असं सांगत कुणी आलं की मी आधी डोक्याला लावायच्या तेलाबद्दल विचारते.

तो थर काढायला रॉकेल, नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे. सांध्यावर थेंब सोडा, चाक हातानं पुढंमागं फिरवा, जो काळा-तांबडा मळ बाहेर येईल तो चिंधीनं पुसा, पुन्हा थेंब. जवळ अगरबत्ती, देवाचा दिवा, गॅस काही नको. मळ यायचा थांबला की कोरडं करून मगच मशीनचं तेल. ते पाण्यासारखं पातळ अन् बिनरंगी असतं. प्रत्येक छिद्रात एक थेंब अन् जिथं लोखंडावर लोखंड घासतं तिथं एक. जास्त टाकलं तर ते आत राहत नाही, कापडावर येतं. तेल टाकल्यावर धागा न ओवता मशीन जरा वेळ पळवा अन् आधी जुन्या चिंधीवर टाके घाला. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजवर पहिला टाका नको.

गाडीचं ऑईल चालेल का, असं विचारतात. नको. तेलाचं काम धातूच्या मध्ये थर धरायचं. थर पुरेसा असला की धातू धातूला लागतच नाही, घासतात ते तेलाचेच पदर एकमेकांवर. हलक्या, वेगानं चालणाऱ्या सांध्यात जाड तेल घातलं तर पदरच जड होतात. अन् मोटरसायकलमधून काढलेलं काळं ऑईल तर मुळीच नको, त्यात काजळी अन् झिजलेल्या धातूचे कण असतात. जाड वंगण हवं ते हळू फिरणाऱ्या, वजन पेलणाऱ्या जागी: लोखंडी गेटची बिजागरी, बैलगाडीचा आख. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेलं तेल. ते ओघळत नाही, लागेल तसं सुटतं. पूर्वी आखाला एरंडेलाचं वंगण घालायचे तेही अशाच हिशेबानं, एरंडेल जाड अन् चिवट.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की पत्र्याखाली ठेवलेल्या मशीनमधलं तेल आणखी पातळ होऊन खाली उतरतं. उन्हाळ्यात थोडं थोडं पण लवकर लवकर टाका. हिवाळ्यात सकाळी पहिली काही मिनिटं मशीन हळू चालवा.

जिथं धूळ, तिथं कोरडं वंगण

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये वावटळी सुटल्या की काळी माती कुठं नाही घुसत? त्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात अन् गारगोटी साध्या लोखंडापेक्षा कठीण. ओलं तेल असलं की ती धूळ तिथं चिकटून बसते. गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात ती दुसरं काय असते? कठीण भुकटी अन् चिकट माध्यम. तुम्ही कुलपात खोबरेल सोडलं की तीच पेस्ट आत तयार होते.

कुलपासाठी शिसपेन्सिल वापरा. किल्लीच्या दातांवर पेन्सिल चांगली गडद घासा, किल्ली आत घालून आत-बाहेर करा, फिरवा, पुसा, पुन्हा घासा. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाईट असतं. त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात अन् धूळ चिकटवत नाहीत. आधीच कुणी तेल सोडलेलं असेल तर मात्र आधी स्प्रेनं धुऊन, वाळवून मगच पेन्सिल. तेलावर ग्राफाईट म्हणजे नुसता चिखल.

स्प्रेबद्दल एवढंच, की डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे सगळ्याचं औषध नाहीत. तो १९५३ मध्ये बनला तो धातूवरचं पाणी हटवून गंज थांबवायला. अडकलेला नट सोडवायला, मळ काढायला उत्तम. पण त्यातला पातळ भाग उडून जातो अन् मागं फार हलका थर उरतो. गेटच्या बिजागरीला स्प्रे मारून आठवड्यात कुरकुर परत आली तर दोष स्प्रेचा नाही.

चेनचं म्हणाल तर बॅगेच्या धातूच्या चेनला पेन्सिल, कपड्याच्या चेनला मेणबत्ती. पांढऱ्या कुर्त्यावर पेन्सिल घासाल तर काळं होईल. दोन्ही बाजूंच्या दातांवर मेण घासा, चेनचा धावता, म्हणजे ओढायचा तुकडा, हळूहळू वरखाली करा, सुटलेला चुरा झटका. धावता चालतो पण मागून चेन उघडी राहते, तर ते घर्षण नव्हे. धावता सैल झालाय, पक्कडीनं दोन्ही बाजूंनी किंचित दाबा. जरा जास्त दाबलं की फुटतो, तेवढं बघा.

सरकत्या खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत तेल घालणाऱ्याला मी हात जोडते. व्हॅक्यूम नाहीतर ब्रशनं माती काढा, ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर मेणबत्ती घासा. तरी अडत असेल तर खालची चाकं फुटली असतील. त्या आजीच्या ड्रॉवरलाही मेणच लावलं होतं. कॅरमची पावडर सगळ्यांना माहीत आहे. फक्त ती बोरिक पावडर असली तर लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

शिवताना अडतं तेव्हा

रेक्झिन किंवा चामडं शिवताना ते मशीनच्या पायाला चिकटतं अन् टाके बारीक बारीक होतात. टेफ्लॉनचा पाय मिळतो, तो बसवा. टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला दुसरंच काही करताना सापडलं. घन पदार्थांत त्याच्याइतकं कमी घासणारे फार थोडे. पाय नसेल तर साध्या पायाच्या तळाला सेलोटेपचा तुकडा लावा, सुईच्या जागी भोक ठेवून. पिशवी, सीट कव्हर एवढं काम निभावतं.

जीन्सची जाड शिवण आली की अंगाच्या साबणाची सुकी वडी शिवणीवर घासा. सुई सुळकन जाते अन् धुतल्यावर डाग राहत नाही. मोटरच्या मशीनवर पॉलिस्टर शिवताना धागा सारखा तुटत असेल तर तुटलेलं टोक बोटात धरून बघा. टोकाला बारीक कडक गाठ लागली तर तो वितळला आहे. वेगात कापडातून जाणारी सुई घर्षणानं तापते. वेग कमी करा, सुई नवी घाला, गरज पडली तर धाग्याला सिलिकॉन. हातशिलाईचा दोरा मात्र मेणावरून एकदा ओढून घ्या, गुंता होत नाही.

दरवाजा अन् पंखा

आषाढात लाकडी दरवाजा घासायला लागला की लोक बिजागरीत तेल घालतात. लाकूड ओल पिऊन फुगलेलं असतं, बिजागरी काय करणार? दाराच्या कडेला खडू फासा, दार लावून उघडा, चौकटीवर खडू जिथं उमटेल तिथं घासतंय. तेवढ्या जागी मेण लावून पावसाळा काढा. रंधा मारायचाच असेल तर उन्हाळ्याच्या तोंडी, तोही थोडा. पावसात भरपूर रंधा मारला तर एप्रिलमध्ये फटीतून उजेड येतो. बिजागरी खरंच कुरकुरत असेल तर एका वेळी एकच खिळा काढा, गंज घासा, ग्रीस लावून परत घाला. दोन्ही खिळे एकदम काढाल तर दार अंगावर येईल.

छताचा पंखा हळू फिरतोय म्हणून त्यात तेल सोडणारेही आहेत. आधी मेन स्विच बंद करा, स्टुलावर चढून पातं हातानं ढकला. मोकळं फिरत राहिलं तर बेअरिंग ठीक आहे, बहुतेक कपॅसिटर गेलाय, तो बदलून घ्या. उन्हाळ्यात व्होल्टेज पडल्यानंही असं होतं. ढकलल्यावर खरखर करून लगेच थांबलं तर बेअरिंग.

घर्षण वाढवायचं असेल तर

चामडी पट्टा घसरतोय, तर तो वापरून वापरून ताणला गेला असेल. क्लिप काढा, बोटाच्या पेराहून कमी तुकडा कापा, पुन्हा जोडा. फार ताठ केला तर चाकाच्या बुशवर भार येतो अन् मशीन जड होतं, म्हणजे एक घर्षण वाढवताना दुसरंही वाढतं. पट्ट्याला तेल लागलं असेल तर खडूची भुकटी चोळून ते शोषू द्या अन् पुसा.

बैल खुंट्याला बांधताना गाठीआधी दोराचे वेढे देतात, ती फार हुशारीची गोष्ट आहे. वेढे वाढले की पकड बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. दोर अन् लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यात पकड साडेसहा पट, दोन वेढ्यांत चाळीस पटींच्या वर, तीन वेढ्यांत पावणेतीनशेच्या पुढं. ट्रॅक्टरवर कापसाच्या गोण्या आवळताना हेच करा. हाताला काच न पडता एकट्याला दोर धरता येतो. तो दोर ग्रिसाच्या हातानं मात्र धरू नका.

अन् एवढं सगळं करून कापडावर मशीनचं तेल सांडलंच तर पाण्यानं चोळायला जाऊ नका. टाल्कम पावडर नाहीतर खडूची भुकटी डागावर जाड पसरा, रात्रभर राहू द्या, सकाळी झटका. उरलेल्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, बोटानं हलकं चोळून धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं तो कायमचा बसतो.